ओ कोण देणार?

माझा आवाज तुम्ही ऐकला असण्याची बरीच शक्यता आहे. माझं नाव मात्र ऐकलेलं नसणार. 'मराठीसाठी दोन दाबा' असं सांगणारी बाई, परदेशी मालिकेत अचानक शुद्ध मराठीत रडायला लागणारी आई, व्हिडिओ सुरू व्हायच्या आधी पाच सेकंदांत तुम्ही ज्यांना उडवून लावता त्या जाहिरातींमधली कुठलीतरी काकू. अकरा वर्षं मी हे काम करतेय. आवाज विकून डोंबिवलीतल्या वन बीएचकेचे हप्ते भरते.

मागच्या महिन्यातल्या एका आठवड्याबद्दल लिहायचंय. त्या आठवड्यात दोन गोष्टी एकामागोमाग घडल्या आणि 'आवाज देणं' म्हणजे नेमकं काय देणं, हा प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला. अजून उतरलेला नाही.

सोमवारी डबिंग होतं. डोंबिवलीहून घाटकोपर, तिथून मेट्रोनं अंधेरी, पुढे रिक्षा. इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या तिसऱ्या मजल्यावरचा स्टुडिओ, आणि त्यात कपाटापेक्षा थोडी मोठी काचेची खोली. माइक सगळंच पकडतो, म्हणून आत पंखा नसतो, आणि टेक सुरू झाला की एसीही बंद. सिंथेटिक कपडे सळसळतात, म्हणून आम्ही सुती घालून जातो. पोट गुरगुरलं तरी टेक वाया जातो. तोंड कोरडं पडून जिभेचा चटक्‌चटक् आवाज यायला लागला की हिरव्या सफरचंदाची फोड चघळायची. किंचाळणं, धापा टाकणं, मार खाणं यांना आमच्याकडे 'एफर्ट्स' म्हणतात. ते शक्यतो शेवटी करायचे, कारण त्यानंतर घसा कामाचा उरत नाही.

कोरियन मालिका होती. मुलगा घर सोडून जातोय आणि आई दारात उभी. मला कोरियन कामं आवडतात, त्याला एक व्याकरणाचं कारण आहे. कोरियन वाक्यात क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं. इंग्रजीत 'कधीच नाही' हे वाक्याच्या दुसऱ्याच शब्दाला येऊन जातं. नटीचा चेहरा तिथं मोडतो आणि आपण अजून 'माझं तुझ्यावर...'पाशीच असतो. आपला घाव 'नव्हतं'वर पडतो, तोवर तिनं डोळे पुसलेले असतात. कोरियनमध्ये तिचा आणि माझा घाव बऱ्याचदा एकाच जागी पडतो. वर प, ब, म आले की ओठ मिटायला हवेत, म्हणून कधी 'जा' ऐवजी 'बरं' असं काहीतरी शोधायचं. चार तासांत मी त्या बाईच्या श्वासावर श्वास घ्यायला लागते. तिला हे कधीच कळणार नाही, आणि तुम्हाला मी कळणार नाही. हा सौदा मला कधी खुपला नाही. बघणाऱ्याला ठाऊक असतं की ही बाई मराठी बोलत नाही. ते एक उघड नाटक आहे, दोघांच्या संमतीचं.

आमच्या धंद्यातलं निनावीपण जुनंच आहे. १९४९ च्या 'महल'ची रेकॉर्ड आली तेव्हा 'आएगा आनेवाला'च्या गायिकेच्या जागी नाव छापलं होतं 'कामिनी'. म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं नाव. ही कामिनी कोण, अशी विचारणा लोकांनी केली तेव्हा लता मंगेशकर हे नाव पुढे आलं. लताबाईंचंही नाव आधी नव्हतं, हे आठवून आम्ही स्वतःची समजूत घालतो. पण त्यांचा आवाज लोकांनी शोधून काढला. आमचा आवाज लोकांनी शोधू नये, यावरच आमचं पोट आहे.

मंगळवारी सकाळी ईमेल आला. एक कंपनी मराठी 'व्हॉइस मॉडेल' तयार करत होती. वीस तासांचं रेकॉर्डिंग, पाच दिवसांत. मजकूर म्हणजे अर्थाशी फारसा संबंध नसलेली वाक्यं, ज्यात मराठीतले सगळे ध्वनी आणि त्यांच्या जोड्या येतील. तीच वाक्यं आनंदात, काळजीत, समजावणीच्या सुरात. मानधन दोन लाख रुपये, एकदाच. माझे हप्ते धरून चार-पाच महिने मोकळा श्वास. आमच्याकडे तीन हजारांचं बिल वसूल व्हायला नव्वद दिवस लागतात, त्यामुळे 'पन्नास टक्के आगाऊ' हे शब्द मी तीनदा वाचले.

मग सोबतचा करार वाचला. माझा आवाज 'सध्या ज्ञात असलेल्या आणि भविष्यात शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांत, संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी' वापरण्याचा हक्क. नुसत्या पृथ्वीवर भागणार नव्हतं, त्यांना विश्व हवं होतं. मला आधी हसू आलं, मग सुझन बेनेट आठवल्या. अमेरिकेतल्या या आवाजाच्या कलाकार. २००५ च्या जुलैमध्ये त्यांनी महिनाभर असंच निरर्थक वाक्यांचं रेकॉर्डिंग केलं. २०११ मध्ये एका सहकाऱ्यानं कळवलं, तेव्हा त्यांना समजलं की लोकांच्या फोनमधली 'सिरी' म्हणजे त्याच. २००५ साली सही करताना असा फोनच अस्तित्वात नव्हता. ज्या गोष्टीचा शोध लागलेला नाही, तिला संमती कशी द्यायची?

तरी मी जवळजवळ 'हो' लिहिलंच होतं. स्वतःला समजावत होते, की ते नेणार काय, तर नुसता ध्वनी. आपल्याकडे वाणीचे चार टप्पे सांगितलेत: परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी. नाभीपाशी जे उमटतं ते परा, आणि कानाला ऐकू येतं ते वैखरी. करारात फक्त वैखरी जाणार होती. बाकीचं माझं माझ्याकडेच राहणार. दोन लाखांच्या बाजूनं विचार करायला लागलं की तत्त्वज्ञानही किती मदतीला येतं!

बुधवारी दुपारी आत्याचा फोन आला. आत्या कराडजवळच्या गावात एकटी राहते. लहानपणी माझ्या सगळ्या सुट्ट्या तिच्याकडे गेल्या. गुडघ्यांनी गेली दोन वर्षं तिला छळलंय. मी कराडच्या हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन दिली होती. ती गेलीच नव्हती.

"अगं, आता जायची गरज न्हाई," ती म्हणाली. "त्याल मागवलंय मोबाइलवरनं. तीन बाटल्या. सत्तावीसशे रुपये पडले खरं, पर ती बाई सांगत हुती ते अक्षी आपल्यातलंच वाटलं बघ. खोटं बोलनाऱ्यातली न्हाई वाटली."

कुठलं तेल, ते मी विचारलं. तिनं नाव सांगितलं आणि माझ्या हातातला चहा तसाच राहिला. ती जाहिरात माझी होती. चार महिन्यांपूर्वी केलेली, चाळीस सेकंदांची. स्क्रिप्टवर सूचना होती: 'गावाकडची, विश्वासू, साठीची बाई.' असा आवाज मागितला की मी कुठं जाते, माहितीये? आत्याकडेच. तिचं ते 'अक्षी', वाक्य संपवताना किंचित खाली येणारा सूर, 'बघ' म्हणताना मध्येच घेतलेला श्वास. अकरा वर्षं मी तो आवाज काढतेय. 'आजी-काकू रेंज' हा माझ्या प्रोफाइलमधला सगळ्यात चालणारा माल आहे. डायरेक्टर खूश होतात, 'कुठून आणतेस गं हे' म्हणतात.

आत्यानं माझ्या जाहिरातीवर विश्वास ठेवला, कारण तिला त्यात स्वतःचा आवाज ऐकू आला. त्यापायी तिनं डॉक्टर टाळला.

फोनवर मी काहीच बोलले नाही. 'डॉक्टरकडे जाच' एवढं म्हणाले आणि ठेवला. मंगळवारी रचलेला वैखरीचा किल्ला बुधवारी ढासळला. नुसता ध्वनीच जातो म्हणे! आत्याच्या कानावर तरी दुसरं काय पोचलं होतं? माणसं विश्वास ठेवतात ते वैखरीवरच. नाभीपर्यंत जाऊन कोण तपासून बघतं?

गुरुवारी एका ज्येष्ठ सहकाऱ्याला मी हे सांगितलं. त्यांचा धंद्यातला अनुभव माझ्या दुप्पट. ते म्हणाले, "आपण पोस्टमन आहोत. पत्रात काय लिहिलंय त्याची जबाबदारी पोस्टमनवर नसते." हा आमच्या धंद्यातला सगळ्यात लोकप्रिय युक्तिवाद आहे आणि मी तो स्वतः अनेकदा वापरलाय. पण पोस्टमन पाकीट उघडत नाही. आम्ही उघडतो, वाचतो, कुठल्या शब्दावर जोर द्यायचा ते ठरवतो. त्या तेलाच्या स्क्रिप्टमध्ये 'सात दिवसांत फरक' असं होतं. पहिल्या टेकमध्ये ते घोषणेसारखं वाटलं, म्हणून मीच सुचवलं की हे हळू आवाजात, शेजारणीला गुपित सांगावं तसं घेऊ या. त्या खोटेपणाला खरेपणाची चव मी लावली. तो माझा हुन्नर होता आणि त्याचेच मला पैसे मिळाले.

कायदा काय म्हणतो? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत शिफारस करणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद केली. पण तो धाक नटांना आणि खेळाडूंना, ज्यांचा चेहरा आणि नाव दिसतं. निनावी काकूला शोधत कोण येणार? हेच निनावीपण हक्कांच्या बाजूनं उलटतं. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. त्यात कलाकाराच्या व्याख्येला एक पुस्ती जोडली गेली. चित्रपटात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि व्यवसायाच्या रूढीप्रमाणे ज्याचं नाव कुठेच दिलं जात नाही, त्याला 'कलाकार' धरायचं नाही. आपल्या कामाची बदनामीकारक मोडतोड झाली तर दाद मागायचा हक्क तेवढा शिल्लक ठेवलाय. म्हणजे नाव नाही म्हणून जबाबदारी नाही, आणि नाव नाही म्हणून हक्कही नाही. मी इतकी वर्षं पहिल्या अर्ध्याचा फायदा घेत होते आणि दुसऱ्या अर्ध्याबद्दल कुरकुरत होते.

जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंग यांना अंतरिम संरक्षण दिलं. त्यांच्या परवानगीशिवाय त्यांच्या आवाजाची कृत्रिम नक्कल करून देणाऱ्यांना मनाई झाली. तेव्हा आमच्या ग्रुपवर खूप टाळ्या वाजल्या. पण तो आवाज ओळखला जातो म्हणून त्याची चोरी सिद्ध होते. माझा आवाज चोरला, तर 'हा माझाच' हे मी कुणाच्या साक्षीनं सांगणार? आत्याच्या?

आणि इथंच मला घाम फुटला. कारण आत्यानं माझ्यावर दावा लावला तर? कंपनी माझ्याशी जे करू पाहतेय, ते मी तिच्याशी अकरा वर्षं करतेच आहे. न विचारता तिच्या बोलण्याचे नमुने गोळा केले, त्यातून एक 'मॉडेल' बनवलं आणि मिळेल त्या गिऱ्हाइकाला भाड्यानं दिलं. कंपनी निदान दोन लाख देत होती. मी आत्याला काय दिलं? दिवाळीला साडी.

तुम्ही म्हणाल, नकला तर सगळेच करतात. भाषा शिकणं म्हणजेच नक्कल करणं. कुठलाही नट आपल्या आजूबाजूची माणसं उचलूनच उभा राहतो. हे खरं आहे, आणि नक्कल हाच गुन्हा मानला तर कलाच उरणार नाही. मग माझ्यात आणि त्या मॉडेलमध्ये फरक काय? सुरुवातीला वाटलं, संख्येचा. मी दिवसाला चार काकू करू शकते, ते चार लाख करेल. पण नुसत्या संख्येनं चूक-बरोबर ठरत नसतं. एका आत्याला फसवणं हेसुद्धा फसवणंच.

शुक्रवारी रात्री मी आत्याला फोन केला आणि सगळं सांगितलं. जाहिरात माझी, आवाज तुझा.

पलीकडे थोडा वेळ काहीच आलं नाही. मग ती म्हणाली, "म्हंजी माझंच त्वांड वापरून मलाच टोपी घातलीस की गं!"

मला रडू येत होतं आणि तिला हसू. हसून झाल्यावर तिनं विचारलं, "किती मिळालं?"

"पाच हजार."

"लई न्हाईत." मग जरा थांबून, "मला इचारलं असतंस तर मी व्हय म्हणले असते गं. तू त्या मालिकंत म्हातारी झाली हुतीस, तवा मी समद्या आळीला सांगितलं, ही माझी भाची, माझ्यावानी बोलतीया. पर त्यालाला न्हाई म्हणले असते. जे आपन वापरलं न्हाई, ते लोकास्नी कसं सांगायचं?"

कायदेपंडितांना जे कलमांत बसवताना दमछाक होते, ते आत्यानं दोन वाक्यांत वेगळं करून ठेवलं. परवानगी आवाजाला नसते, बोलण्याला असते. 'तुझा आवाज दे' हा प्रश्नच अर्धवट आहे. कशासाठी, कुणाला, काय सांगायला, हे त्यात नसेल तर त्याला 'हो' म्हणणं म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा उठवणं.

१९६० च्या दशकात लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांच्यात रॉयल्टीवरून बेबनाव झाला आणि काही वर्षं ते एकत्र गायले नाहीत, हे तुम्ही वाचलं असेल. लताबाईंचं म्हणणं, गाणं पुन्हा पुन्हा वाजतं, तर गाणाऱ्याला वाटा हवा. रफीसाहेबांची भूमिका अशी, की गाण्याचे पैसे घेतले, तिथं व्यवहार संपला. मी नेहमी लताबाईंच्या बाजूची. पण या आठवड्यात जाणवलं, की त्या वादात एक गोष्ट दोघांनीही गृहीत धरली होती. गाणं कुठलं, हे त्यांना माहीत होतं. दोघांनी ते शब्द वाचले होते, उच्चारले होते. भांडण होतं ते उच्चारलेल्या शब्दांच्या मोबदल्याचं. माझ्यापुढं जो कागद होता, तो मी अजून न उच्चारलेल्या आणि कधीच न उच्चारणार असलेल्या शब्दांचा होता. उद्या माझा आवाज कुणाला कर्ज घ्यायला लावेल, कुणाला मत द्यायला सांगेल, कुणाच्या आईला 'तुमच्या मुलाला पोलिसांनी पकडलंय' म्हणून फोन करेल. तेव्हा मी डोंबिवलीत भाजी निवडत असेन.

आता मला फरक सापडला. मराठीत 'हाक मारणे' आणि 'ओ देणे' अशी जोडी आहे. कुणी हाक मारली की ज्याला ओ देता येते, तो आवाज माणसाचा. मी आत्याचा आवाज उचलला, चूक केली, पण तिनं फोन केला तेव्हा मला ओ द्यावी लागली. मला लाज वाटू शकली. तिला मला टोपी घालणारी म्हणता आलं. पुढच्या वेळी मी नाही म्हणू शकते. त्या मॉडेलला आत्या काय म्हणणार? ते बोलेल सगळं, अगदी तिच्यासारखं 'अक्षी'सुद्धा म्हणेल, पण ओ देणार नाही. आणि त्याच्या मागे उभे असलेले लोक म्हणतील, आम्ही तर नुसतं साधन बनवलं. म्हणजे पुन्हा तोच पोस्टमन.

मग माझा आवाज माझ्या मालकीचा का? माहीत असलेलं एवढंच, की तो मी आत्याकडून घेतला, तिनं तिच्या सासूकडून घेतला असेल. मालकीच्या भाषेत बोलायला गेलं तर आम्ही सगळ्याच चोर निघू. पण त्या आवाजात जे बोललं जातं त्याची जबाबदारी मात्र वारशानं येत नाही. ती ज्याच्या तोंडून बाहेर पडलं त्याची. म्हणून मला मालकी हक्कापेक्षा जबाबदारी सोडण्याचीच जास्त भीती वाटली. त्या करारात दोन लाखांना मी आवाज विकत नव्हते, ओ द्यायची पाळी विकत होते.

शनिवारी मी उत्तर लिहिलं. तीन बदल मागितले: वापर कशासाठी ते आधी लिहून द्या, औषध, कर्ज आणि राजकीय प्रचार यांना वापरायचा नाही, मुदत दोन वर्षं, पुढे पुन्हा विचारायचं. तासाभरात उत्तर आलं. हा आमचा स्टँडर्ड करार आहे, बदल शक्य नाही, शुभेच्छा. मी सही केली नाही.

यात शौर्य काही नाही, हे सांगायला हवं. ते काम माझ्या एका मैत्रिणीनं घेतलं. तिच्या मुलाची कॉलेजची फी भरायची होती. तिला मी दोष देणार नाही, कारण माझ्याही घरात फी भरायची असती तर हा लेख मी लिहिला असता का, शंका आहे. आणि मी नकार दिल्यानं माझा आवाज सुरक्षित राहिला असंही नाही. २०२३ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तीन सेकंदांच्या नमुन्यावरून आवाजाची नक्कल करणारी प्रणाली जाहीर केली होती. माझे तर अकरा वर्षांचे तास नेटवर मोकळे पडलेत. कुणाला घ्यायचाच असेल तर तो माझ्या सहीसाठी थांबणार नाही.

तरीही चोरी होणं आणि स्वतः किल्ली देणं यात फरक आहे, असं मला वाटतं. चोरी झाली तर मी आरडाओरडा तरी करू शकते. किल्ली दिल्यावर तोही हक्क उरत नाही.

एक मात्र माझ्या हातात होतं, ते केलं. जाहिरातींची कामं देणाऱ्या कोऑर्डिनेटरला कळवलं की औषधं, तेलं, वजन कमी करायच्या पुड्या यांना मी आवाज देणार नाही. तो म्हणाला, "अगं, आजी-काकू रेंजमध्ये निम्मं काम तेच असतं." ते मला माहीत होतं. त्या दिवसापासून त्याचे फोन खरंच निम्म्यावर आलेत. हप्त्याच्या तारखेला मला माझं तत्त्वज्ञान तितकंसं आवडत नाही.

रविवारी घशाला सुट्टी असते. मी फारसं बोलत नाही, गरम पाणी पिते. दुपारी आत्याचा फोन आला. सोमवारी शेजारच्या पोराच्या गाडीवरून ती कराडला डॉक्टरकडे जाणार होती. सत्तावीसशे रुपये मी तिला पाठवले होते, ते तिनं परत पाठवायचं ठरवलं होतं आणि कसे पाठवायचे ते मला विचारत होती. मी सांगणार नाही म्हटलं. मग ती म्हणाली, "बरं, त्या बाटल्यांचं काय करू? दोन तशाच हायती."

"फेकून दे."

"फेकती कशाला? दाराच्या कडीला घालीन, लई कुरकुरतीया."

मी हसले. ती पुन्हा काहीतरी म्हणाली, पण गाडी गेली बाहेरून आणि नीट ऐकू आलं नाही.

"अगं, हायस का?" तिनं विचारलं.

"आहे," मी म्हणाले. "बोल."